फ्लाइट शॉट हवाय म्हणे!

थंडीची चाहूल लागली की पुण्याजवळच्या कवडीपाटला पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि माझं डोकं फिरायला लागतं. पक्षी कमी, तोफांएवढ्या लेन्स जास्त! मुळा-मुठेच्या त्या फेसाळ पाण्यात, बंधाऱ्याला अडकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांशेजारी चक्रवाकांची जोडी निवांत बसलेली असते. लडाख-तिबेटसारख्या उंच मुलखात वीण करणारे हे पाहुणे. आणि आपले साहेब काय करतात? गळ्यातला कॅमेरा सावरत खाली वाकतात, खडा उचलतात आणि भिरकावतात. का, तर फ्लाइट शॉट, म्हणजे उडत्या पक्ष्याचा फोटो हवाय! हटकलं तर म्हणे, "अहो काका, लागेल असा नाही मारला." वा, उपकारच की!

सिंहगडच्या पायथ्याला वेगळीच तऱ्हा. मोबाईलवर पक्ष्याची शीळ लावायची, स्पीकर झुडपात दडवायचा आणि वाट बघत बसायचं. बिचारा पक्षी घुसखोर आला समजून खाणंपिणं सोडून धावत येतो. अंगातली चरबी जाळत इथवर आलेला जीव तो! पोट भरायला आलाय, भांडायला नाही.

रात्री ग्रुपवर फोटो पडतो, वर 'नैसर्गिक अधिवासात' अशी ओळ. खाली लगेच "भाऊ, लोकेशन?" झालं, पुढच्या रविवारी तिथे जत्रा. (सप्टेंबरपासून पायाशी शेपटी हलवत फिरणाऱ्या धोबी पक्ष्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नाही.)

परवा एकाला स्पीकर बंद करायला सांगितलं, तर मलाच विचारतो, "तुम्ही फॉरेस्टवाले का?"

नाही बाबा. पण तो आधी बंद कर!