जेलमधल्या बिर्याणीचा तो मेसेज मावशीपर्यंत पोचला म्हणून लिहितोय

"रमजानला जेलमध्ये मुसलमान कैद्यांना बिर्याणी, हिंदूंना एकादशीला उपाशी ठेवतात, कसाबलाही बिर्याणीच दिली, हिंदूंसाठी वेगळं स्वयंपाकघर पाहिजे" असा मेसेज आपल्या खान्देशातल्या ग्रुपांवर फिरतोय. माझ्या मावशीचा पोरगा कच्चा कैदी आहे, एकादशी धरतो. मेसेज वाचल्यापासून तिच्या घशाखाली घास उतरत नाहीये, म्हणून डोकं फिरलं.

आधी कसाबचं. अरे भाऊ, ती गोष्ट सांगणारे, कसाबच्या केसमधले सरकारी वकील उज्ज्वल निकम आपल्याच जळगावचे, आणि 2015 मध्ये जयपूरला त्यांनीच जाहीर सांगितलं की कसाबने बिर्याणी मागितली नव्हती आणि सरकारने दिलीही नव्हती, त्याच्याबद्दल सहानुभूती तयार होत होती ती तोडायला मीच ती गोष्ट रचली. खुद्द सरकारी वकील सांगतोय, पेपरात छापून आलं, टीव्हीवर आलं, तरी तुमचं तेच चालू. आणि आता तर तीच बिर्याणी तुम्ही चोरीमारीच्या, भांडणाच्या केसमधल्या पोरांच्या ताटात नेऊन ठेवली. त्या पोरांच्या आयासुद्धा इथंच राहतात, त्यांच्याही मोबाइलवर हे जातं.

रमजानचं म्हणाल तर केंद्राच्या 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये (म्हणजे जेल कसं चालवायचं याची राज्यांसाठीची नमुना नियमावली) रमजानचं नाव आहे, बरं, मान्य. पण त्याच वाक्यात 'धार्मिक उपवास करणारे कैदी' असंही आहे, म्हणजे एकादशी, नवरात्र सगळं आलं. सवलत काय, तर राज्य सरकारच्या आदेशाप्रमाणे काही जास्तीचे पदार्थ, नाहीतर जेवणाची वेळ आणि जागा बदलून. रोजा सुटतो सूर्य मावळल्यावर आणि जेलात संध्याकाळचं जेवण उजेडातच वाटून बराकी बंद करतात, मग त्या माणसाने खायचं कधी? तिहारमध्ये तर हिंदू कैद्यांनीही रोजे धरल्याच्या बातम्या आल्यात.

राहिलं वेगळं स्वयंपाकघर. जात-धर्म बघून स्वयंपाक करायला त्याच मॅन्युअलमध्ये मनाई आहे. शिवाय 3 ऑक्टोबर 2024 ला सुप्रीम कोर्टाने पत्रकार सुकन्या शांता यांच्या केसमध्ये, जात बघून कोणाला स्वयंपाक आणि कोणाला संडास सफाई असं काम वाटणारे जेलचे नियमच रद्द केले. विषय संपला.

मावशीला सांगितलंय, मुलाखतीला गेली की पोराला म्हणा एकादशीच्या आधीच अधीक्षकांच्या नावाने उपासाचा लेखी अर्ज दे, आणि वकिलाच्याही कानावर घाल. आणि ज्याने हा मेसेज तिला पाठवला त्याने तो खोटा आहे हे त्याच ग्रुपवर लिहावं, नुसता डिलीट करून गप्प बसू नये.