रिहर्सल ही गाणं पाठ करायची जागा नाही

"ऐकलंय रे गाणं, येतंय मला." बँडच्या रिहर्सलला हे वाक्य कानावर पडलं की डोक्यात तिडीक जाते. ऐकलंय म्हणजे येतंय असं नसतं! शंभर वेळा ऐकलेलं गाणं ओठांवर बसतं, बोटांत नाही. दुसरा अंतरा पहिल्याच्या निम्माच आहे, तिसऱ्या कोरसआधी दोन मात्रांचा एक तोकडा बार (तालाचं आवर्तन) आहे, हे बोटांना ठाऊक नसेल तर तुम्हाला ते गाणं येत नाही. आणि हे घरी शोधायचं असतं. बाकीचे चौघं वाद्यं गळ्यात अडकवून ताटकळत असताना नाही.

जरा हिशोब करा. दोन तास म्हणजे १२० मिनिटं. ड्रम लावणं, केबल जोडणं, माइक तपासणं यात २० जातात, आवराआवरीत १०. उरली ९०. सहा गाणी घेतली तर एका गाण्याला १५ मिनिटं, म्हणजे चार मिनिटांचं गाणं फार तर तीनदा वाजणार. त्यात एक जण मोबाइलवर कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) शोधत बसला की ती १५ मिनिटं संपली. त्याची एकट्याची नाही. बाकीच्या चौघांची मिळून एक तास.

बरं, शोधतात तेही काय? नेटवर पहिली सापडलेली कॉर्ड शीट. ती कुणीतरी घाईघाईत कानाने उतरवलेली असते आणि निम्म्या वेळा चुकीची असते. सगळ्यात जास्त मार खातो तो बेसचा, म्हणजे बेस गिटारचा, सूर. शीटवर जी, डी, ई मायनर असं लिहिलेलं असतं, पण मूळ गाण्यात मधल्या डी कॉर्डखाली बेस एफ शार्प वाजवत असतो. जी, एफ शार्प, ई अशी ती एकेक पायरी उतरणारी ओळ असते. तिच्यावरच त्या जागेचा सगळा जीव असतो. बेसवाला शीट बघून डी वर उडी मारतो आणि ती उतरण गायब होते. मग सगळे विचारतात, "असं सपाट का वाजतंय?" हेडफोन लावून फक्त बेस ऐका. कॉर्ड नंतर तपासा.

गाण्याचा नकाशा कागदावर काढायला अर्धा तास लागतो. इंट्रो ४ बार, अंतरा १६, कोरस ८, पुन्हा इंट्रो पण २ च बार, अंतरा ८, असं बोटं मोजत लिहायचं. अवघड तुकडा वेग ७० टक्क्यांवर आणून वाजवायचा, सलग तीनदा बिनचूक आला की ५ टक्के वाढवायचा. पट्टी न बदलता वेग कमी करणारी ॲप सगळ्यांच्या मोबाइलवर चालतात. तरीही लोक पूर्ण वेगात तीच चूक वीसदा वाजवतात आणि तीच चूक पक्की करून येतात.

आणि पट्टी! गाणं बसवून झाल्यावर गायक सांगतो, "मला हे उंच पडतंय." आधी कुठे होतात? पट्टी पहिल्या ओळीवरून ठरत नाही, शेवटच्या कोरसमधल्या सगळ्यात वरच्या सुरावरून ठरते. तोही दहावं गाणं म्हणून, घसा थकलेला असताना लागला पाहिजे. मूळ गाणं ई मध्ये आणि गायकाला सी हवा, म्हणजे चार अर्धस्वर खाली. गिटारच्या ज्या रिफमध्ये (पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यात) खालची मोकळी तार घुमत होती ती रिफ तिथे वाजतच नाही. "कापो लाव ना" म्हणणाऱ्यांना कसं समजवायचं? कापो म्हणजे गिटारच्या दांडीवर तारा दाबून धरणारा चिमटा, तो सूर चढवतो, उतरवत नाही. ई च्या कॉर्डचे बोटांचे आकार धरून सी हवा असेल तर कापो आठव्या पडद्यावर जाईल आणि गिटार खेळण्यासारखी किणकिणेल. तिसऱ्या पडद्यावर कापो लावून ए चे आकार घ्यायचे, रिफ नव्याने बसवायची. हे काम एका रात्रीचं तरी आहे, "चला, आत्ता वाजवू" म्हणण्याइतकं नाही.

काही मूळ गाण्यांत गिटार अर्धा स्वर खाली लावलेली असते. गिटारवाला घरी तशी लावून येतो, कीबोर्डवाला येत नाही, आणि पहिल्याच बारला सगळं बेसूर. मग कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं (पट्टी सरकवायचं) बटण उणे एक करतो आणि पुढच्या गाण्याला ते बटण परत शून्यावर आणायला विसरतो. दर वेळी! गाण्यांच्या यादीत प्रत्येक नावापुढे पट्टी आणि ट्यूनिंग लिहायला असा किती वेळ लागतो?

मूळ रेकॉर्डिंग शेवटी हळूहळू विरत जातं. बँडला तसं विरता येत नाही. तुम्हाला शेवट ठरवावाच लागतो: कोरस चार वेळा, शेवटची ओळ तीनदा, ड्रमरचा फिल (भरीचा तुकडा), समेवर सगळे बंद. कुणी ठरवत नाही. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत गोल गोल वाजवत राहतात, आणि ऐकणाऱ्याला नेमका तोच शेवट लक्षात राहतो.

लयीचंही तेच. मिनिटाला १२० ठोक्यांचा काउंट देऊन सुरू केलेलं गाणं कोरस येईपर्यंत १३२ ला पोचलेलं असतं. चार मिनिटांचं गाणं त्या वेगाने ३ मिनिटं ३८ सेकंदांत उरकतं आणि गायकाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. ड्रमरला झापतात, पण घाई बऱ्याचदा गिटारच्या उजव्या हातातून सुरू होते. मेट्रोनोम, म्हणजे ठोके देणारं यंत्र, सगळ्यांसाठी असतो.

आवाजाची मारामारी तर असह्य आहे. गिटारचा ॲम्प जमिनीवर, स्पीकरचं तोंड वाजवणाऱ्याच्या पोटऱ्यांकडे. त्याला ऐकू येत नाही म्हणून तो ट्रेबल आणि व्हॉल्यूम वाढवतो, आणि समोरच्या ड्रमरच्या कानात भोसकल्यासारखं होतं. ॲम्प मागे कलता ठेवा, नाहीतर खुर्चीवर चढवा, तोंड स्वतःच्या कानाकडे. एकटं वाजवताना गोड वाटणारा, मिड (मधले सूर) कापलेला टोन बँडमध्ये गडप होतो, कारण खालची जागा बेस गिटार आणि किकने (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमने) व्यापलेली असते आणि वरची झांजांनी. ॲम्पवरचं बेसचं बटण उतरवा, मिडचं चढवा, व्हॉल्यूम कमी करूनही गिटार ऐकू येईल. कीबोर्डवाल्यांनी डावा हात बेसच्या जागेतून काढावा. गायकाचा माइक शिट्टी मारायला लागतो ती पातळी म्हणजे छत. बाकी सगळ्यांनी त्याच्या खाली बसायचं. आणि माइकची जाळी मुठीत धरू नका, शिट्टी त्यानेच वाढते.

दोन गाण्यांच्या मधे आपापले सोलो कुरतडत बसणंही बंद करा. बाजूचा ट्यून करत असतो, त्याला स्वतःची तार ऐकू येत नाही. ट्यूनर पेडल वापरा, आवाज बंद ठेवून सूर लावा, तार खालून वर आणत लावा म्हणजे सैल पडणार नाही. नव्या तारा आदल्या दिवशी चढवून हाताने ताणून ठेवा, रिहर्सलच्या दारात नाही.

आणि ॲक्टिव्ह (आत बॅटरी असलेल्या) बेसवाल्यांनो, केबल खोचलेली राहिली की आतली बॅटरी रात्रभर जळत राहते. केबल काढा. ९ व्होल्टची एक नवी बॅटरी केसमध्ये कायम ठेवा. उधार मागायला येऊ नका.