आमच्याकडे दळण दळून मिळत नाही

आज सकाळी आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर एक कागद लागला आहे. ‘काही सभासद निवासी सदनिकेत विनापरवाना पिठाची गिरणी चालवीत असल्याचे निदर्शनास आले आहे’ अशी त्याची सुरुवात आहे, आणि ‘काही सभासद’ म्हणजे मी एकटाच, हे आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक आहे. माझ्याकडे गिरणी नाही. माझ्याकडे सायकलचे रोलर आहेत.

रोलर म्हणजे काय, हे गेल्या तीन दिवसांत इतक्या जणांना सांगावे लागले आहे की ते मला आता रामरक्षेसारखे पाठ झाले आहे. लांबट चौकटीत तीन रूळ असतात. दोन मागच्या चाकाखाली आणि एक पुढच्या चाकाखाली. मागच्या रुळावरून एक पट्टा पुढच्या रुळापर्यंत गेलेला असतो, त्यामुळे पायडल मारले की दोन्ही चाके जागच्या जागी फिरतात. सायकल कशालाही बांधलेली नसते, आणि सारी गोम तिथेच आहे. दुकानदाराने ‘साहेब, ट्रेनर घ्या’ म्हणून परोपरीने विनवले होते, कारण ट्रेनरमध्ये सायकलचा मागचा भाग घट्ट धरलेला असतो आणि वर बसून माणसाने डुलकी घेतली तरी भागते. परंतु रोलरवर तोल सुधारतो, पायडल गोल आणि एकसारखे फिरते, आणि ट्रॅकवरचे खेळाडू शर्यतीआधी अंग गरम करण्यासाठी रोलर वापरतात, एवढे मी वाचून गेलो होतो. बालेवाडीच्या वेलोड्रोमकडे, म्हणजे सायकल शर्यतींच्या ट्रॅककडे, माझे आजवरचे जाणे केवळ भाच्याच्या शाळेचे क्रीडासंमेलन पाहण्यापुरते होते, ही गोष्ट त्या क्षणी आठवली नाही. साडेचार इंची रूळ हलका जातो आणि तीन इंची जड, कारण बारीक रुळावर टायर अधिक दबतो आणि रूळही अधिक वेगाने फिरतो, असे कळल्यावर मी अर्थातच जड घेतले.

एक चूक मात्र माझी होती, ती कबूल करतो. पुण्यातल्या रस्त्यांसाठी घेतलेले जाड खाचांचे टायर मी तसेच ठेवले. रुळावर गुळगुळीत टायर हवा. खाचांचा टायर अल्युमिनियमच्या रुळावर फिरू लागला की खालच्या मजल्यावर नेमका कसला आवाज पोचतो, हे मला परवा खालच्या काकांनी सांगितले.

मी दाराच्या चौकटीला धरून नुकताच सायकलवर चढलो होतो, तेवढ्यात घंटा वाजली. दारात काका उभे होते आणि त्यांच्या हातात स्टीलचा डबा होता. ते भांडायला आले असते तर मी त्यांना समजू शकलो असतो. परंतु ते दुखावलेले होते.

“घरघंटी घेतलीत आणि बोलला नाहीत,” ते म्हणाले. “आम्ही काय परके? चार किलो गहू आहेत. जरा बारीकच दळा.”

मी म्हणालो, काका, ही गिरणी नव्हे.

“एक एच.पी.ची असेल ना?”

“मोटरच नाही हो तिला. मी पायांनी चालवतो.”

काकांनी डबा खाली ठेवला. “म्हणजे वीजबिलही येत नाही! आणि तरी दळायचे पैसे घेणार होतात?”

पैशांचा विषय मी काढलेलाच नव्हता, हे सांगून उपयोग नव्हता, म्हणून मी त्यांना आत नेऊन यंत्र दाखवले. चपला काढून, गुडघ्यांवर हात टेकून त्यांनी तिन्ही रूळ न्याहाळले, पट्टा बोटाने ताणून पाहिला आणि शेवटी “धान्य घालायचे कुठे?” असे विचारले. धान्य घालायचे नसते, म्हणालो. पीठ कुठून येते? पीठ येत नाही. मग काय येते? घाम येतो, मी म्हणालो, आणि ते खरे होते, कारण घरात समोरून वारा लागत नाही आणि पंखा नसेल तर दहा मिनिटांत माणूस निथळतो. त्यावर त्यांनी डब्याचे झाकण अधिक घट्ट लावले.

त्यांचा विश्वास बसेना म्हणून मी प्रात्यक्षिक करायला निघालो. एक हात चौकटीवर, नजर समोर, पायडल चालू, मग हळूच हात सोडायचा. सुटला! मीटरवर ३८ चा आकडा पाहून काका म्हणाले, “ताशी अडतीस? या खोलीत?” वाऱ्याचा अडथळा नसला की वेग सहज वाढतो, हे पटवण्यासाठी मी त्यांना धापा टाकत चार्ल्स मर्फी या सायकलपटूची हकिकत सांगितली: १८९९ साली अमेरिकेत त्याने धावत्या आगगाडीच्या मागे, तिच्या आडोशाने, एक मैल ५७.८ सेकंदांत कापला होता.

“त्याच्यापुढे गाडी तरी होती,” काका म्हणाले. “तुमच्यापुढे फ्रीज आहे.”

मी त्यांच्याकडे पाहिले, आणि रोलरवर नेमके तेच करायचे नसते. नजर जाते तिकडे चाक जाते. रुळावरून उतरलेली सायकल ताशी अडतीसच्या वेगाने भिंत फोडून बाहेर जाईल अशी भीती लोकांना वाटते. ती व्यर्थ आहे, कारण सायकलला मुळात पुढे जाण्याचा वेगच नसतो. ती जागच्या जागी आडवी होते. ही माहिती मी दुकानात मोठ्या ऐटीत इतरांना दिली होती. आमची सायकल कपडे वाळत घालायच्या स्टँडवर आडवी झाली आणि तिच्याखाली मी, माझ्यावर पत्नीचा ओला परकर.

काकांनी मला उठवले नाही. डबा उचलून ते दारापाशी गेले आणि म्हणाले, “पडायचेच असेल तर रस्त्यावर पडावे. तिथे निदान उचलायला लोक असतात.”

हे वाक्य मला अजून पचलेले नाही. मी रस्त्यावरच होतो हो काका! पंचवीस वर्षे पहाटे खडकवासल्याला सायकलने जाऊन येत होतो. पावसाळ्यात पाण्याखाली खड्डा आहे की नुसताच डांबराचा उतार, हे पडल्यावरच कळते, आणि सायकलसाठी म्हणून रंगवलेल्या पट्ट्यात दुचाक्या उभ्या असतात, त्यांच्याच मागे वडापावची गाडी. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या गावात सायकल चालवायला मला शेवटी स्वयंपाकघराच्या दारात यावे लागले, आणि तिथेही हा कागद. गणपतीच्या आधीचे कित्येक आठवडे समोरच्या मैदानात ढोलांचा सराव चालतो, वरच्या मजल्यावर ऐन दुपारी वर्षभर ड्रिल चालते. त्यांच्या नावाने फलकावर कधी चिठ्ठी लागल्याचे मला स्मरत नाही.

गुळगुळीत टायर मी काल आणले असून खाली रबराची जाड चटईही घातली आहे. आवाज आता पंख्याएवढाच येतो. तरीही सेक्रेटरींनी रविवारी सकाळी अकरा वाजता समितीची पाहणी ठेवली आहे, आणि यंत्रातून खरोखरच पीठ पडत नाही याची खात्री करून घेण्यासाठी सभासद येताना पाव-पाव किलो ज्वारी आणणार असल्याचे काकांकडून कळते.