अंतर मोजून झाले, पायाचे काय?

गेली काही वर्षे मी जपानमधल्या सेंदाईला राहतो. दापोलीकडून काकांचा फोन आला की हल्ली विषय एकच असतो: समुद्रापासून किती लांब बांधायचे. 2019 च्या सीआरझेड (किनारपट्टी नियमन क्षेत्र) अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांत भरतीरेषेपासूनचा 200 मीटरचा निर्बंधपट्टा 50 मीटरवर आणला. कोणाला तो दिलासा वाटतो, कोणाला संकट. मला स्वतःला 50 मीटर फारच कमी वाटतात, पण दोन्ही बाजू नुसते अंतरच मोजत बसल्या आहेत, याची काळजी अधिक वाटते.

जपानमधल्याच ओनागावा बंदरात काँक्रीटची दुमजली पोलीस चौकी आडवी पडलेली आहे. 11 मार्च 2011 च्या सुनामीनंतर ती मुद्दाम तशीच जपली आहे. इमारत मोडली नाही, उलटली. तळाच्या बाजूला गेले की तुटलेल्या पाइल्स, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले पायाचे खांब, दिसतात. तिला पाडले ते परतणाऱ्या पाण्याने.

चार हजार मीटर खोल समुद्रात ताशी सुमारे 700 किलोमीटर वेगाने धावणारी सुनामीची लाट किनाऱ्याशी मंदावते आणि उंच होते, पण फुटून संपत नाही. मागे कित्येक किलोमीटरचे पाणी असल्यामुळे ती मिनिटेच्या मिनिटे रेटत राहते. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यातच पाणी इमारतीला खालून उचलते, पायाजवळची माती खरवडून नेते आणि वाहून आणलेल्या मोटारी, होड्या, ओंडके खांबांवर आदळते. म्हणूनच जपानी बांधकाम संकेतांत पाण्याच्या अपेक्षित खोलीच्या तिप्पट खोल स्थिर पाण्याचा दाब धरतात. 2011 नंतर, किनाऱ्यापासूनचे अंतर आणि मधला आडोसा पाहून, तो दीडपटीपर्यंत कमी करण्याची मुभा मिळाली. अंतराला महत्त्व आहेच, पण ते असे, हिशेबातला एक आकडा म्हणून.

आपल्याकडचे मोकळे स्टिल्ट, म्हणजे भिंतींशिवाय नुसत्या खांबांवरचे तळमजले, पाणी जाऊ देतात, हे खरे. पण 2001 च्या भूकंपात अहमदाबादेत अशाच इमारती तळमजल्यावर बसल्या. सुनामीआधी भूकंपाचा हादराही सोसावा लागू शकतो, तेव्हा खांब दोन्हींसाठी हवेत.

सेंदाईच्या आराहामा शाळेत, समुद्रापासून सुमारे 700 मीटरवर, पाणी तळमजला बुडवून पहिल्या मजल्यावर चढले आणि गच्चीवरची 320 माणसे वाचली. आपला किनाराही सुटलेला नाही: नोव्हेंबर 1945 मध्ये मकरानच्या (आताच्या पाकिस्तानच्या किनाऱ्यालगतच्या) भूकंपाची लाट मुंबईपर्यंत आली होती. म्हणून काकांना मी सांगितले आहे: ग्रामसभेत किनाऱ्यालगतच्या शाळेच्या नव्या इमारतीचा विषय निघाला, तर पाइल्स किती खोल जाणार आणि गच्चीवर जाणारा जिना बाहेरून असणार का, हे विचारा.