बारावीच्या वर्षात ड्राफ्ट कशाला?

मंडळी, पोस्ट लांबलचक आहे, आधीच सांगते. फूटीत (म्हणजे इथल्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलमध्ये) रस नसेल तरी वाचा, कारण विषय शेवटी बारावीच्या पोरांचा आहे, आणि बारावीबद्दल मत नसलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय.

सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी एमसीजीवर ग्रँड फायनल झाली की मेलबर्नमध्ये 'फँटम ड्राफ्ट'चं पीक येतं. कोणता पोरगा कितव्या नंबरला, कोणत्या क्लबात जाणार, याच्या याद्या. पेपरवाले करतात, पॉडकास्टवाले करतात, ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा माणूसही करतो. ज्यांच्यावर ही चर्चा चालते ती पोरं सतरा-अठरा वर्षांची. त्यांतल्या बऱ्याच जणांची दाढीसुद्धा धड आलेली नसते.

नवीन मंडळींसाठी ड्राफ्ट म्हणजे काय ते थोडक्यात. आयपीएलचा लिलाव डोळ्यांपुढे आणा आणि त्यातली बोली काढून टाका. एएफएल, म्हणजे फूटीची सर्वांत मोठी लीग, तिचे १८ क्लब. मोसमात तळाला राहिलेला क्लब पहिला पोरगा निवडतो, मग त्याच्या वरचा, असं करत विजेत्याची पाळी शेवटी. पोराला क्लब निवडायचा हक्क नाही. पर्थचा मुलगा ब्रिस्बेनला जाईल, ॲडलेडचा सिडनीला. पहिल्या करारातला पगार बहुतेक नियमानेच ठरलेला. अपवाद आहेत: बापाने त्याच क्लबकडून १०० सामने खेळले असतील तर मुलाला तिथे जाता येतं, उत्तरेकडच्या चार क्लबांना आपापल्या अकॅडमीतली मुलं मिळतात, आणि त्यासाठी पॉइंटांचा एक हिशेब असतो जो समजावून सांगायला वेगळी पोस्ट लागेल. नोव्हेंबरच्या शेवटी साठ-सत्तर नावं पुकारली जातात. अट अशी, की त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १८ पूर्ण व्हायला हवीत.

आता हे वेळापत्रक बघा. हिवाळ्यात राज्याराज्यांची अंडर-१८ स्पर्धा. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॉम्बाइन, म्हणजे वीस मीटरची धाव, जागेवरून वर उडी, दोन किलोमीटरची दौड, वर क्लबांच्या मुलाखती. ऑक्टोबरच्या शेवटापासून व्हीसीईचे पेपर, म्हणजे इथली बारावी. पेपर संपतात न संपतात तोच ड्राफ्ट, आणि डिसेंबरात बारावीचा निकाल. आपल्याकडे बारावीच्या पोराला लग्नाकार्यालाही नेत नाहीत. इथे त्याच पोराच्या घरी त्याच महिन्यांत क्लबांची माणसं येऊन आईबापांशी बोलून जातात.

माझं म्हणणं साधं आहे. ड्राफ्टचं वय अठराऐवजी एकोणीस करा. मागणी माझी नाही, जुनी आहे. कोविडच्या वर्षी तिला जोर आला होता, कारण २०२० मध्ये व्हिक्टोरियातली अंडर-१८ लीग झालीच नाही आणि क्लबांनी इथली पोरं मुख्यतः आदल्या वर्षीच्या खेळावर आणि व्हिडिओवर निवडली. ते वर्ष सरलं आणि चर्चाही बसली.

शनिवारी सकाळी मी टॅलेंट लीगचे, म्हणजे अंडर-१८ पोरांच्या लीगचे, सामने बघायला जाते. (आमच्या घरात हे वेड फक्त मला. नवऱ्याचं मत असं, की ज्या खेळात हुकलेल्या गोललाही एक पॉइंट देतात तो खेळ नाही, सांत्वन आहे.) ओव्हलच्या कडेला रिक्रूटर लोक उभे असतात. जाड जॅकेट, हातात टॅबलेट, चेहऱ्यावर काहीही नाही. आकडे त्यांच्याकडे ढीगभर असतात: किती डिस्पोजल (चेंडू किक किंवा हाताने पुढे देणं), किती क्लिअरन्स (गर्दीतून चेंडू बाहेर काढणं), जीपीएसवर किती किलोमीटर धावला. पण सामन्यात ते जे बघतात त्याला आकडा नसतो. चेंडू हातून सुटल्यावर पोरगा कमरेवर हात ठेवून उभा राहतो की मागे धावतो? उजव्या बाजूने कोंडला तर डावा पाय वापरतो का? सोबत्याची किक वाया गेली तर त्याच्याकडे कसं बघतो? मग ते शाळेतल्या शिक्षकांशी बोलतात, लहानपणीच्या कोचशी बोलतात, घरी जाऊन आईशी बोलतात. ही माणसं आळशी नाहीत आणि मूर्ख तर मुळीच नाहीत.

अडचण ते ज्याला बघतात त्याची आहे. पोरगा अजून पुरा झालेलाच नाही. कोकणात मोहर बघून आंब्याची बाग घेणारे व्यापारी असतात ना, तसा हा धंदा. डोळा कितीही तयार असो, पुढे तुडतुडा पडेल की अवकाळी येईल ते मोहरावर लिहिलेलं नसतं.

२००९ चा ड्राफ्ट घ्या. मेलबर्न क्लबकडे पहिली आणि दुसरी, दोन्ही निवडी होत्या. त्यांनी टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह घेतले, आणि त्यावर त्या वेळी फारशी कोणी शंका घेतली नाही. स्कली दोनच मोसमांनी मोठ्या करारावर नव्या जीडब्ल्यूएस क्लबात गेला. ट्रेंगोव्हला विसाव्या वर्षी सहकर्णधार केलं आणि पुढे पायाच्या हाडाच्या दुखण्याने त्याची कारकीर्द खाल्ली. तिसऱ्या नंबरवर रिचमंडने कॅसलमेनचा डस्टिन मार्टिन घेतला. ग्रँड फायनलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक त्याने तीनदा जिंकलं, २०१७, २०१९ आणि २०२० मध्ये. विसाव्या नंबरवर फ्रीमँटलने लेक ग्रेस या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या छोट्या गावचा नॅट फाइफ घेतला. त्याने मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक दोनदा मिळवलं.

आणि याच ड्राफ्टात, ३४ व्या नंबरवर, याच मेलबर्न क्लबने मॅक्स गॉन नावाचा एक लांबुडका पोरगा घेतला. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सिगारेट ओढायची सवय. आज उंची दोन मीटरहून जास्त. त्याच्याच कर्णधारपदाखाली मेलबर्नने २०२१ मध्ये ५७ वर्षांनी विजेतेपद मिळवलं. ज्या क्लबने वर्षभर पहिल्या दोन नंबरांची स्वप्नं पाहिली, त्याला कर्णधार सापडला चौतिसाव्या नंबरवर.

गॉनची जन्मतारीख बघा: ३० डिसेंबर १९९१. दोन दिवस उशिरा जन्मला असता तर तो पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टात गेला असता. त्याची तुलना झाली ती त्याच्याहून कितीतरी महिन्यांनी मोठ्या असलेल्या पोरांशी. चाळिशीतल्या दोन माणसांत एका वर्षाने काही बिघडत नाही. सतराव्या वर्षी त्या एका वर्षात खांदे येतात, मांड्या भरतात, आवाजसुद्धा बदलतो. त्यातून रकमन, म्हणजे मधोमध उडी मारून चेंडू खाली देणारे उंच गडी, सगळ्यात उशिरा तयार होतात. डीन कॉक्स आणि ॲरन सँडिलँड्स हे या जागेवरचे दोन मोठे खेळाडू, आणि दोघेही मुख्य ड्राफ्टात निवडले गेले नव्हते. रूकी यादीतून, म्हणजे नवशिक्यांच्या राखीव यादीतून, मागल्या दाराने आले.

सॅम मिचेलची गोष्ट मला याहून बोलकी वाटते. तो २००० च्या ड्राफ्टात बसत होता. कोणीच घेतला नाही. बुटका, पळायला मंद. वर्षभर थांबला, खेळत राहिला, आणि २००१ मध्ये हॉथॉर्नने ३६ व्या नंबरवर घेतला. एकोणिसाव्या वर्षी! पुढे चार विजेतेपदं, त्यातलं २००८ चं कर्णधार म्हणून, २०१२ चं ब्राउनलो, आणि आता त्याच क्लबचा मुख्य कोच. (जाता जाता: ती ३६ वी निवड आणि ज्या पहिल्या निवडीवर ल्यूक हॉज आला ती, दोन्ही हॉथॉर्नला फ्रीमँटलकडून एकाच सौद्यात मिळाल्या होत्या. त्या बदल्यात गेलेल्यांपैकी ट्रेंट क्रोड दोन वर्षांनी हॉथॉर्नला परतही आला. फ्रीमँटलच्या चाहत्याशी बोलताना हा विषय काढू नका.) त्याच २००१ मध्ये डेन स्वान ५८ वा होता. दहा वर्षांनी लॅची नील, तोही ५८ वाच. स्वानला एक ब्राउनलो मिळालं, नीलला दोन.

यावर लोक म्हणतात, मग काय बिघडलं, शेवटी सापडलेच ना? सापडले ते दिसतात हो. सतराव्या वर्षी 'छोटा आहे' म्हणून सोडून दिलेला आणि मग सुतारकामाची अप्रेंटिसशिप धरून खेळ सोडलेला पोरगा कोणत्या यादीत बघणार? २०१९ मध्ये मोसमाच्या मध्यावरचा ड्राफ्ट परत सुरू झाला आणि रिचमंडला मार्लियन पिकेट मिळाला. वय २७, तरुणपणी तुरुंगवास भोगलेला, पर्थकडे राज्याच्या लीगमध्ये खेळणारा. एएफएलचा पहिला सामना खेळला तो थेट ग्रँड फायनल, आणि जिंकली. दोन वर्षांनी हॉथॉर्नला याच वाटेने जाई न्यूकम मिळाला. मोठ्या माणसांच्या लीगमध्ये, मोठ्या माणसांचे धक्के खात खेळणारा खेळाडू बघितला की रिक्रूटरची नजर किती नेमकी होते, याचा मला यापेक्षा चांगला पुरावा माहीत नाही. एकोणिसाव्या वर्षी सगळ्यांनाच तसं बघा, एवढंच म्हणतेय मी.

विरोधातले मुद्दे आहेत आणि त्यांतला एक खरंच जड आहे. काही पोरं अठराव्या वर्षी तयार असतात. निक डेकॉस कॉलिंगवूडमध्ये आला आणि पहिल्याच मोसमात रायझिंग स्टार, म्हणजे सर्वोत्तम तरुण खेळाडू, ठरला. टोंगालाचा हार्ली रीड २०२३ ला पहिल्या नंबरवर गेला आणि पुढच्या मोसमात वेस्ट कोस्टचे सामने लोक त्याच्यासाठी बघत होते. अशांना वर्षभर का अडकवायचं? माझं उत्तर: अडकवू नका. वर्षाला चार-पाच अपवाद ठेवा, त्यासाठी क्लबने अर्ज करावा आणि पोराच्या शाळेचंही मत घ्यावं. नियम मात्र बाकीच्या साठांसाठी करा.

दुसरा मुद्दा, की क्रिकेटवाले पोरं पळवतील. ॲलेक्स कीथने गोल्ड कोस्टला नाही म्हणून व्हिक्टोरियाचं क्रिकेट धरलंच होतं. पण तोही काही वर्षांनी फूटीत परत आला आणि ॲडलेड, मग बुलडॉग्जकडून खेळला. वय वाढून अक्कल येण्याची ही उलटी बाजूही बघा.

आणि कोवळ्या वयात घर सुटण्याचं काय? जेसन हॉर्न-फ्रान्सिस २०२१ मध्ये पहिल्या नंबरवर ॲडलेडहून इथे नॉर्थ मेलबर्न क्लबात आला आणि एकाच मोसमानंतर पोर्ट ॲडलेडला, घरच्या शहरात परत गेला. तेव्हा लोकांनी त्या पोराला काय काय बोलून घेतलं! अठरा वर्षांचा मुलगा, परकं शहर, दर आठवड्याला हरणारा संघ. पुणे सोडून हॉस्टेलवर गेल्यावर पहिल्या सहामाहीत आपली काय गत झाली होती ते आठवून मग बोलावं माणसाने.

गावाकडच्या पोरांचं तर अजूनच कठीण. बेंडिगो पायोनियर्स या टॅलेंट लीगमधल्या संघाच्या पट्ट्यात मिल्ड्युरा येतं. तिथून बेंडिगो सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून कोल्हापूरपेक्षा थोडंसंच जास्त. तिथला मुलगा सरावासाठी हा रस्ता तुडवतो, बारावीच्या वर्षात, आणि आठवड्याचे किती तास गाडीत गेले ते कॉम्बाइनच्या कोणत्याही चाचणीत मोजलं जात नाही. मेलबर्नच्या बड्या शाळेतल्या मुलाला सराव, जिम, फिजिओ सगळं वर्गापासून पाच मिनिटांवर. मग रिक्रूटर म्हणतो, याचं शरीर तयार आहे. असणारच.

आता आपल्या लोकांबद्दल. टार्नीट, हॉपर्स क्रॉसिंग, वेरिबी ही मेलबर्नच्या पश्चिमेकडची उपनगरं, हा सगळा टॅलेंट लीगमधल्या वेस्टर्न जेट्सचा भाग, आणि इथे भारतीय घरं किती आहेत ते तुम्हाला मी सांगायला नको. एएफएलने २०१६ पासून ॲबोरिजिनल आणि आशिया-आफ्रिकेतून आलेल्या घरांतल्या मुलांसाठी खास अकॅडम्या काढल्या आहेत. तरी आमच्याकडे ऑसकिकला (लहान मुलांच्या फूटी वर्गाला) आलेली मुलं बारा-तेरा वर्षांची झाली की गळतात. कारण मैदानावर नसतं, घरात असतं. 'पुढे बारावी आहे.' आणि मी त्या आयांना दोष देत नाही, कारण व्यवस्थेनेच पोराला त्या एका वर्षात दोन्हींतलं एक निवडायला लावलंय. ज्यांना वाटतं की आपल्या रक्तात हा खेळ नाही, त्यांच्यासाठी: वेस्ट कोस्टच्या २००६ च्या विजेत्या संघातला डॅनियल कर, त्याचे वडील कोलकात्यात जन्मलेले. सॉकरवाल्यांना त्याची बहीण सॅम कर जास्त माहीत असेल.

क्लब हे मनावर घेत नाहीत, याचं कारण मला तरी सरळ दिसतं. अठराव्या वर्षी घेतलेल्या पोरात जो चुकीचा निघेल त्याला दोन-तीन वर्षांत यादीतून काढता येतं, आणि पुढच्या नोव्हेंबरात नवीन साठ-सत्तर येणारच असतात. थांबण्याचा खर्च क्लबाला करावा लागेल, घाईचा खर्च पोराच्या घरचे करतात. वय एकोणीस झालं तर मधल्या वर्षात राज्याच्या लीगमध्ये खेळणाऱ्या पोरांना थोडं मानधन लागेल, गावाकडच्यांना राहायची सोय लागेल. एएफएलच्या टीव्ही हक्कांचा सध्याचा करार सात वर्षांचा आणि साडेचार अब्ज डॉलरचा आहे. पैसे नाहीत हे कारण कृपया कोणी कॉमेंटमध्ये देऊ नका.