खड्डा दिसल्यास घाबरून जाऊ नये

गावच्या रस्त्यावर खड्डा दिसला की नवखा माणूस फोटो काढून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. तुम्ही तसं करू नका. दहा मिनिटांत त्याखाली चार अंगठे, दोन नमस्कार आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक येऊन पडतो आणि खड्डा वर सरकून दिसेनासा होतो. तक्रारीचं म्हणून एक शास्त्र असतं आणि त्यातला पहिला धडा असा, की खड्डा किती खोल आहे हे कुणी विचारत नाही. तो कुणाचा आहे, एवढंच विचारतात.

तुम्हाला वाटतं रस्ता एकच आहे. कागदावर तो ग्रामीण मार्ग असतो, इतर जिल्हा मार्ग असतो, प्रमुख जिल्हा मार्ग असतो, नाहीतर राज्य मार्ग. पहिले दोन जिल्हा परिषदेचे, पुढचे दोन सार्वजनिक बांधकाम विभागाचे आणि गावठाणातली गल्ली ग्रामपंचायतीची. एसटीतून फाट्यावर उतरून घरी चालत येईपर्यंत तुम्ही तीन मालकांच्या खड्ड्यांत पाय घालून आलेले असता. म्हणून बांधकाम उपविभागात गेलात की साहेब आधी विचारणार, "रस्त्याचा नंबर काय?" इथं 'आमच्या मळ्याकडचा' म्हणून भागत नाही. ग्रा. मा. अमुक, इ. जि. मा. तमुक असं घडाघडा सांगता आलं पाहिजे. सांगता आलंच, तर साहेब कपाट उघडून म्हणतील, हा तर प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गेलाय, तिकडं जावा. ते ऑफिस जिल्ह्याच्या गावाला. तिथं कळतं, की ठेकेदाराची देखभालीची पाच वर्षं संपली, रस्ता पुन्हा जिल्हा परिषदेचा झाला. येताना निराश होऊ नका. निदान खड्डा कुणाचा नाही, याची तरी पक्की यादी आता तुमच्याकडं आहे.

खातरजमा करायचीच असेल तर रस्त्याच्या तोंडाशी त्या योजनेचा फलक असतो, तो वाचा. लांबी, खर्च, ठेकेदाराचं नाव, देखभालीचा कालावधी, सगळं लिहिलेलं असतं. या रस्त्यावरचं सगळ्यात टिकाऊ बांधकाम तेच.

मुहूर्तही पाहावा लागतो. पावसाळ्यात तक्रार करू नये, कारण पावसात डांबर धरत नाही, हे अगदी खरं आहे. पाऊस उघडला की प्रस्ताव जातो. प्रस्ताव गेला की साखर कारखान्याची मोळी पडते, म्हणजे ऊसगाळप सुरू होतं आणि दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस सुरू होतात. चालू हंगामात काम कसं करणार? हंगाम संपतो तोवर मार्चअखेर आलेली असते आणि मार्चअखेरला बिलं निघतात, डांबर नाही. मध्ये एखादी निवडणूक असली तर आचारसंहिता. राहिला मे. मे महिन्यात लोक लग्नकार्यात असतात.

तोंडी तक्रारीवर विश्वास नसेल तर ग्रामसभा आहे. 15 ऑगस्टची गाठा, तेव्हा खड्डे भरात असतात. गणपूर्तीला 15 टक्के मतदार किंवा 100 जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. म्हणजे तुम्ही एकटे गेलात तरी ठराव होण्याची चांगली संधी आहे. ठरावाचं पुढं काय झालं, हे जाणून घ्यायला 2005 चा माहिती अधिकार कायदा आहेच. 10 रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, विषय एकच ठेवा आणि अर्ज 150 शब्दांत बसवा. 30 दिवसांत उत्तर येतं, की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही. तुमच्या यादीत आणखी एक भर.

मोबाइलवाल्यांसाठी 'मेरी सडक' ॲप आहे. खड्ड्याजवळ उभं राहून फोटो टाकायचा. फक्त रस्ता ग्रामसडक योजनेतला हवा आणि खड्ड्यापाशी रेंज हवी. दोन्ही एकाच ठिकाणी मिळालं तर तो खड्डा बुजवू नये, जपून ठेवावा.

मंत्र्यांच्या घोषणांवर मात्र उगाच खोटेपणाचा आळ घेऊ नका. 2017 साली तेव्हाचे सार्वजनिक बांधकाम मंत्री चंद्रकांत पाटील यांनी रस्ते खड्डेमुक्त करायला 15 डिसेंबरची मुदत जाहीर केली होती. तेव्हा आमच्याकडं लोक तारखेकडं डोळे लावून बसले. अरे, पण ते बांधकाम खात्याचे रस्ते. तुमचा ग्रामीण मार्ग त्यांचा कधी होता?

आता एक गोष्ट, जी तक्रार अर्जात लिहायची नाही. रस्त्याकडेचं गटार बुजवून उसाची एक सरी वाढवलेली असते, ती आपणच. विहिरीची पाइपलाइन पलीकडच्या रानात न्यायला रात्रीत रस्ता फोडून चरावर माती लोटलेली असते, तीही आपणच. मग पाणी रस्त्यावर तुंबतं, खडीखाली मुरतं, खालची काळी माती फुगते आणि वरून ऊस भरलेली ट्रॉली जाते. एवढ्या तपशिलात शिरलं तर भाऊबंदकी निघते. त्यापेक्षा 'निकृष्ट काम' हे दोन शब्द पुरेसे आहेत, आणि बऱ्याचदा तेही खरेच असतात.

आंदोलन करायचं झालं तर खड्ड्यात झाड लावा. तालुक्याच्या पानावर फोटो हमखास येतो. भाताची रोपं लावली तर रंगीत येतो. श्रमदानाच्या भानगडीत शक्यतो पडू नये. पाडलेल्या घराच्या विटा आणून खड्डा भरलात, की पुढच्या पंक्चरचा धनी पहिल्यांदाच कुणीतरी नक्की सापडतो.

खरा उपाय एकच, मंत्र्यांचा दौरा. उद्घाटन कशाचंही असो, गाडी तुमच्याच रस्त्यानं येईल एवढं बघा. रात्रीतून रोलर येतो. नंबर, मालक, हंगाम, रेंज, सगळं आपोआप जुळून येतं आणि सकाळी काळाकुळीत कार्पेट तयार.

त्यावरून दोन दिवस मनसोक्त गाडी फिरवून घ्या. तिसऱ्या दिवशी जलजीवनची नळयोजना टाकायला जेसीबी येईल. चर कोण बुजवणार, असं त्याच्या ड्रायव्हरला विचारत बसू नका. आधी तो चर रस्ते खात्याचा की पाणीपुरवठ्याचा, ते काढून आणा.