बटण कुणाच्या हातात?

आमच्या डाव्या बाजूची इमारत पाडतायत, उजव्या बाजूची बांधतायत आणि आमच्या स्वतःच्या इमारतीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा संपता संपत नाहीत. ठाण्याच्या नौपाडा-पाचपाखाडीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. सकाळी ब्रेकर सुरू होतो. मग सिमेंटच्या गाड्या येतात, त्यांचा मागे जातानाचा टींटीं आवाज. वरच्या मजल्यावर कुणीतरी टाइल्स बदलतंय. खाली भंगारवाल्याने आता तोंडाने ओरडायचं सोडून रेकॉर्ड लावलीय. घरातल्या बाकीच्यांना हे सगळं नुसतं ‘चालू असतं’. माझ्या मात्र ते मानेत आणि पोटात जातं.

आई म्हणते, ‘हिचे कान पहिल्यापासून तिखट.’ नुसते कान नाहीत हो. फडफडणारी ट्यूबलाइट, लिफ्टमध्ये शेजारच्याने मारलेला सेंट, कुर्त्याच्या मागचं टोचणारं लेबल, सगळंच. शिवाय जेवणाच्या टेबलावर दोघांचं काहीतरी बिनसलंय हे ते दोघं बोलायच्या आधी मला कळतं, आणि मग माझं जेवण जात नाही. लहानपणी याला ‘अती करते’ म्हणायचे. लग्नानंतर ‘नाजूक आहे’ झालं. हल्ली भाची इन्स्टाग्राम बघून आली आणि म्हणाली, ‘मावशी, तू एचएसपी आहेस.’ म्हणजे हायली सेन्सिटिव्ह पर्सन. चला, बढती मिळाली.

चेष्टा सोडा. ही कल्पना इन्स्टाग्रामची नाही. एलेन ॲरन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि त्यांचे पती आर्थर ॲरन यांनी १९९७ साली यावर शोधनिबंध लिहिला आणि त्यात मोजमापासाठी २७ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की काही माणसांचा मेंदू बाहेरून येणाऱ्या गोष्टी जास्त खोलात जाऊन चाळतो, त्यामुळे तो लवकर भरतो आणि लवकर थकतो. साधारण १५ ते २० टक्के माणसं अशी असावीत असा त्यांचा अंदाज होता. नंतरच्या संशोधकांनी सांगितलं की हा ‘आहे किंवा नाही’ असा प्रकार नाही. संवेदनशीलता प्रत्येकात कमी-जास्त असते, काहीजण त्या पट्टीच्या वरच्या टोकाला असतात. हा आजार नाही, मानसिक आजारांच्या याद्यांमध्ये तो नाही. आणि जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की अशा माणसांना वाईट वातावरणाचा त्रास जास्त होतो तसा चांगल्या वातावरणाचा फायदाही जास्त होतो.

(ठरावीकच आवाजांनी, म्हणजे कुणाच्या मचमच खाण्याने वगैरे, संताप अनावर होत असेल किंवा साध्या आवाजाने कान अक्षरशः दुखत असतील, तर ती वेगळी प्रकरणं आहेत. कानाच्या डॉक्टरांना दाखवा. फेसबुकवर वाचून स्वतःला नाव देऊ नका.)

आता माझं मत. मला दोन्ही प्रकारच्या लोकांचा वैताग येतो. ‘जरा कणखर हो, लोक पुलाखाली झोपतात’ म्हणणारे, आणि आपण हळवे आहोत याची पाटी गळ्यात अडकवून फिरणारे. पहिल्यांना सांगायचंय की पुलाखाली झोपणाऱ्यालाही आवाजाचा त्रास होतोच, फक्त त्याला कुणी विचारत नाही. दुसऱ्यांना सांगायचंय की आपण इतरांपेक्षा खोल आहोत, आपल्याला जास्त कळतं, हा सूर जरा आवरा. मेंदू लवकर भरतो, एवढंच. त्यात थोरपण काही नाही.

आणि तिसरे म्हणजे ‘शांततेत राहा’ असा उपदेश करणारे. विपश्यनेला जा, गावी जा, डोंगरात जा. दहा दिवस गेले समजा, अकराव्या दिवशी ठाण्यालाच यायचंय ना? माझी नोकरी ऐरोलीला, आई-बाबा चरईत, मुलगा बारावीला. माझी शांतता मला इथेच, या पिन कोडात हवीय.

या सगळ्यात मला एका जुन्या प्रयोगाने जे दिलं ते कुठल्या सुविचाराने दिलं नाही. डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर हे दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. १९७० च्या आसपास त्यांनी शहरातल्या गोंगाटावर प्रयोग केले. लोकांना कामं दिली आणि मधूनच, कधी येईल सांगता येणार नाही असा मोठा आवाज ऐकवला. काहीजणांना एक बटण दिलं. सांगितलं, अगदीच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल. पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. म्हणजे आवाज दोन्ही गटांनी सारखाच ऐकला. आवाज चालू असताना कामही दोघांनी बऱ्यापैकी निभावलं. फरक पडला तो नंतर, आवाज थांबल्यावर. ज्यांच्याकडे बटण नव्हतं त्यांनी अवघड कोडी लवकर सोडून दिली, छापील मजकूर तपासताना जास्त चुका केल्या. बटणवाले टिकले. आवाज केव्हा येणार हे आधी माहीत असलेल्यांनाही असाच फायदा झाला.

हे वाचलं तेव्हा मला माझी संध्याकाळ समजली. ऑफिसात मी दिवसभर धडधाकट असते. मोकळ्या हॉलमध्ये सत्तर माणसं, चार जण एकाच वेळी कॉलवर, शेजारी कीबोर्डवर जात्यासारखं दळण चालू. तरी काम होतं. आणि घरी येऊन हातातून चमचा पडला तर रडू येतं. घरच्यांना वाटायचं, घरातच हिला काय झालं? घरात काही झालेलं नसतंच. दिवसभराचं बिल संध्याकाळी येतं.

आणि दुसरंही कळलं. माझ्याच कुकरच्या शिट्ट्यांनी मला काही होत नाही. तीन झाल्या की मी गॅस बंद करणार आहे. वरच्यांच्या ड्रिलचा आवाज कदाचित त्याहून कमीच असेल, पण तो कधी थांबणार हे ठाऊक नाही. ड्रिल थांबतं तेव्हाही मी आराम करत नाही, पुढच्या घरघरीची वाट बघत बसते. छळ होतो तो त्या वाट बघण्यात.

तेव्हापासून मी शांतता मागणं सोडलं आणि वेळापत्रक मागायला लागले. वरच्या काकूंना जाऊन म्हटलं, ‘काकू, काम थांबवा असं नाही म्हणत, कधी चालेल तेवढं सांगाल का?’ काकूंना वाटलं भांडायला आलीय. दोन मिनिटं दारातच उभं ठेवलं, मग आत बोलावून चहा दिला आणि मिस्त्रीलाच समोर उभं केलं. मिस्त्री म्हणाला, तोडफोड दुपारी जेवणाआधी, नंतर नुसतं बसवायचं काम. झालं की! आवाज तेवढाच राहिला, पण मी त्या वेळेत बाजारहाट करते, बँकेची कामं उरकते. सोसायटीच्या ग्रुपवर आता नियमच केलाय की फोडकाम असेल तर आदल्या दिवशी वेळ टाकायची. सेक्रेटरी आधी म्हणाले, ‘वहिनी, एवढं कोण बघतं?’ आता त्यांच्याच घरी तान्हं नातवंड आहे आणि पहिला मेसेज त्यांचाच असतो.

प्रवासातही तसंच. ठाणे-वाशी लाइनला गर्दीचं मी काही करू शकत नाही. पण कानात मऊ फोमचे बोळे घालून बसायचं की नाही, हे माझ्या हातात आहे. ते केमिस्टकडे मिळतात, फार महाग नसतात. आवाज बंद करणारे महागडे हेडफोनही मी भावाचे वापरून पाहिले. ते गाडीची घरघर, एसीची हूं अशा एकसुरी आवाजावर छान चालतात. पण अचानक वाजलेला हॉर्न, शेजारचीचं फोनवरचं भांडण, कुणीतरी मोठ्याने लावलेलं रील, हे त्यातूनही येतंच. उतरल्यावर मात्र ते कानातून काढा. रिक्षाच्या गर्दीतून चालताना कान उघडे हवेत.

संध्याकाळी घरी आल्यावर पहिला थोडा वेळ माझ्याशी कुणी बोलायचं नाही, हे घरात सांगून ठेवलंय. रागावलेली नसते, हेही सांगून ठेवलंय. तेवढा वेळ मी दिवा न लावता खोलीत पडून राहते. सासूबाईंना आधी हे फार विचित्र वाटायचं, तिन्हीसांजेला अंधारात काय पडायचं! आता त्या स्वतःच माझ्या मुलाला दटावतात, ‘आईला येऊ दे जरा जाग्यावर.’

इथवर झालं घरातलं. पण फक्त ‘आपण आपलं बघावं’ एवढ्यावर मी थांबणार नाही, कारण प्रत्येक आवाज काही माझ्या तिखट कानांचा दोष नसतो. माझी कातडी पातळ आहे हे खरं, म्हणून समोरच्याने टाचणी टोचावी असं थोडंच आहे?

सार्वजनिक जागेचंही बटण असतं, आणि ते आपल्याकडे कागदावर आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती सरकारने किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल, तर तिथे ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर नाही. सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. आणि हे कागदावरून प्रत्यक्षात यावं म्हणून कोर्टात गेलेल्यांपैकी एक आपल्या ठाण्याचेच, डॉ. महेश बेडेकर. त्यांच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये सविस्तर निकाल दिला. ठाणेकर म्हणून मला याचा अभिमान आहे. दहीहंडीच्या थरांइतकी प्रसिद्धी याला मिळाली नाही, ती बात वेगळी.

रात्रीचे दहा, ही वेळ म्हणजेच ते बटण. दहाला थांबणार हे नक्की माहीत असेल तर मी तोवरचा दणदणाट हसत सोसेन, कदाचित खाली जाऊन बघूनही येईन. माझं डोकं तेव्हा फिरतं, जेव्हा दहा वाजून जातात, तक्रारीसाठी फोन केला की ‘गाडी पाठवतो’ म्हणतात, आणि आधी माझंच नाव, फ्लॅट नंबर विचारतात. बटण दाबल्यावर काहीच होत नाही हे एकदा कळलं, की बटण नसल्यापेक्षा वाईट वाटतं.

लगेच कुणीतरी लिहील, ‘आमचेच सण दिसतात का?’ अहो, माझेही तेच सण आहेत. आरतीला झांज मीच वाजवते. पाडव्याच्या स्वागतयात्रेतली लेझीम बघायला मी उन्हात उभी राहते. ढोल-ताशा समोरून निघून जातो, दहा मिनिटांत पुढच्या चौकात असतो. एका जागी उभ्या केलेल्या स्पीकरच्या भिंतीचं तसं नाही. आणि त्यातला जो खालचा ठोका असतो, काचा थरथरवणारा, तो खिडक्या बंद करूनही आत येतो. भिंती बारीक आवाज अडवतात, जाड आवाज नाही. गंमत म्हणजे नियमांत जी मोजणी आहे ती माणसाच्या कानाला धरून केलेली, त्यात खालच्या सुरांना वजन कमी मिळतं. म्हणजे मीटरवर आकडा बरा दिसतो आणि छातीत धडधडतं ते धडधडतंच. दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोडला आणि तलावपाळीला जी तरुणाई जमते, तिच्या उत्साहावर माझा काडीचाही आक्षेप नाही. आम्हीही नवे कपडे घालून मिरवलोय तिथे. पण तिथल्या एखाद्या इमारतीत पहिल्या मजल्यावर ऑपरेशन होऊन आलेलं माणूस असेल, त्याने त्या सकाळी कुठे जायचं?

हॉर्नचंही तसंच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनाकारण हॉर्नला हजार रुपये दंड आहे. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी एक मजेशीर प्रयोग दाखवला होता. सिग्नलला गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. वाजवा हवा तेवढा, थांबा हवं तेवढं. ठाण्यात तीन हात नाक्याच्या सिग्नलला असं काही आलं तर मी उद्घाटनाला पेढे वाटेन.

आता ज्यासाठी पोस्ट लिहायला बसले ते. मला ठाण्यातल्या शांत बसायच्या जागा सुचवा. हवा खायच्या नाहीत, नुसतं तासभर बसायच्या. कचराळी तलाव सकाळी लवकर बरा असतो, हास्यक्लब सुरू होईपर्यंत. स्टेशनजवळचं मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९३ सालचं, बाहेर रिक्षावाल्यांचा कल्ला आणि आत पानं उलटल्याचा आवाज. माझी सगळ्यात आवडती जागा तीच. ओवळ्याची फुलपाखरांची बाग रविवारी चांगली, पण घोडबंदर रोडवरून तिथवर जाण्यातच सगळं कमावलेलं खर्च होतं. कृपा करून येऊरचं जंगल सांगू नका. शनिवारी रात्री तिथल्या पार्ट्यांबद्दल तिथलेच रहिवासी ओरडतायत. कॅफे चालेल, पण गाणं बंद करा म्हटल्यावर ‘मॅडम, हे ॲम्बियन्स आहे’ म्हणणारा नको. गॅलरीत खुर्ची टाकून बसू देणारी मैत्रीण असेल तर सगळ्यात उत्तम. चहा मी घेऊन येईन.